शेतांच्या नावांची फाईल

मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तात्यांचा प्रश्न यायचा. "सूनबाई, पुस्तक कुठवर आलं?" तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. नव्वदीला टेकलेले, दिसायचं अंधुक, ऐकू यायचं त्याहून कमी, पण हा प्रश्न विचारायला कधी चुकले नाहीत. मी दर वेळी मोठ्यानं सांगायची, "आलंय, तात्या, थोडं राहिलंय." खोटं बोलायची. पुस्तक आलेलं नव्हतं, गेलेलं होतं.

काय गेलं होतं ते आधी सांगते. आमचं गाव बेंबळीच्या अंगाला. शिवार मोठं. सातबाऱ्यावर शेतांना गट नंबर असतात, पण नंबरानं कुणी रानात जात नाही. घोडउडीला पाणी सोडलंय, सुईणीच्या तुकड्यात तूर माजलीय, असं आमच्याकडं बोलतात. बोलायचे म्हणा. आताची माणसं वरचं रान, खालचं रान एवढ्यावर भागवतात.

धाराशिवला तहसीलीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. शाळा सातवीपर्यंत झालेली. टायपिंग शिकवणीला जाऊन शिकले आणि संगणक बिघडवत बिघडवत शिकले. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं टाईप करून द्यायची. एकदा गावातलेच बापलेक वाटणीचा कागद करायला आले. मी विचारलं, कुठलं रान लिहू? लेकानं गट नंबर सांगितला. बाप तिथंच तापला. "नंबर काय सांगतूस? चुकार म्हणत्यात त्याला, चुकार! आज्जा तुझा तिथं वारला आन् तुला नाव ठावं न्हाय?" मला वाईट वाटलं ते लेकाचं नाही, माझंच. मलाही ते नाव माहीत नव्हतं, आणि मी त्या गावची सून होऊन तीस वर्षं झाली होती.

त्या रविवारपासून नावं लिहायला वही केली. तिघं सांगणारे मिळाले. एक तात्या. दुसरे एक म्हातारे गुराखी, ज्यांना प्रत्येक बांधावर कुठल्या झाडाची सावली दुपारी टिकते ते पाठ होतं. तिसऱ्या एक आजी, त्या आयुष्यभर खुरपायला सगळ्यांच्या रानात गेलेल्या, म्हणून मालकापेक्षा त्यांनाच जास्त नावं माहीत. तीनशेच्या वर नावं निघाली. नाव, ते कुठं आहे, आणि तसं का म्हणतात याची एखादी ओळ. घोडउडी म्हणजे जिथं ओढा इतका अरुंद होतो की घोडं उडी मारून जाईल. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वही उघडून टाईप करायची. सगळं झालं, तात्यांना म्हटलं याचं पुस्तक करते, आणि मीच वही रद्दीत घातली. "मशीनमध्ये आहे की आता," मी म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्या हातानं घातली.

पुढं मशीन रेंगाळायला लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारावा लागंल. सगळं सीडीवर काढलंय ना?" म्हटलं, काढलंय, मारा. काढलेलंच होतं. फाईल होती. पण ती फाईल ज्या प्रोग्राममध्ये लिहिली तो फॉरमॅटमध्ये पुसला गेला, आणि त्याबरोबर अक्षरंही गेली. दुरुस्तीवाल्यानं नवा प्रोग्राम घालून दिला, म्हणून हे मला तेव्हा कळलंच नाही.

हे जरा समजावून सांगते, कारण आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी ही चूक केलेली आहे. त्या काळी मराठी लिहायचं तर कुठल्यातरी कंपनीचा प्रोग्राम लागायचा. प्रत्येक कंपनीनं आपापली अक्षरं आपापल्या पद्धतीनं मांडलेली. आपण 'क' दाबला की पडद्यावर 'क' दिसायचा, पण मशीनच्या पोटात तिथं काहीतरी भलतंच इंग्रजी चिन्ह ठेवलेलं असायचं. त्या कंपनीचा फॉन्ट आहे तोवर ते 'क' दिसणार. फॉन्ट गेला की खालचं चिन्ह उघडं पडणार. आणि आमच्याकडं तो प्रोग्राम तरी विकत घेतलेला कुठं होता? एकाकडून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं सीडी उतरवून घेतलेली. सगळं तहसील आवार त्या एका सीडीवर जगत होतं. ती मूळची कुणाची ते देवालाच माहीत.

गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, दुकान बंद करून मी गावी आले. तात्यांनी पुस्तकाचं विचारलं म्हणून एक दिवस दुकानातून आणलेल्या मशीनवर फाईलीची सीडी लावली. फाईल उघडली आणि पडद्यावर टोपी घातलेले ए, आडवे डॉलर, तुटके कंस, डोक्यावर टिंबं दिलेले ओ. पानंच्या पानं. मी चष्मा पुसला. परत बघितलं. तेच.

तोवर गुराखी म्हातारे गेले होते. खुरपणाऱ्या आजीही गेल्या होत्या. राहिले होते तात्या, आणि तेही अलीकडं सकाळचं संध्याकाळी विसरायचे. म्हणून मी खोटं बोलत होते.

धाराशिवला ओळखीच्या संगणकाच्या दुकानात गेले. आता तिथं जुन्या मालकाचा भाऊ बसतो. त्यानं फाईल बघितली आणि हसला. "मावशी, हा प्रोग्राम आता नव्या मशीनवर चालतच न्हाय. आपली उतरवलेली सीडी आता कुणाकडं न्हाय, आन् विकतच्याला मशीनच्या मागं एक कुलूप लागायचं खटक्यासारखं, ते असल्याबिगर उघडत न्हाय. कंपनीबी बंद पडली म्हणत्यात."

"अरे, पण लिहिलेलं माझं आहे ना?"

"लिव्हलेलं तुमचंच हाय की. उघडायची किल्ली त्यांची."

हे वाक्य घेऊन मी एसटीत बसले. राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. नुसतं वाटलं, चोवीस वर्षं बोटं झिजवली ती दुसऱ्याच्या कुलपाआड.

गावातल्या शाळेत एक बाई आहेत, पाचवीला शिकवतात. त्यांना शाळेतली जुनी संगणकं सांभाळायचं जास्तीचं काम लावलेलं. त्या माझ्याकडं अधूनमधून ताक प्यायला यायच्या आणि डोकं हातात धरून बसायच्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, आमच्या शाळेतल्या मशीनवर लिनक्स आहे. बघा येऊन. फाईल उघडेल असं म्हणत नाही. पण निदान तुमचं पुढचं लिहिलेलं तरी कुणाच्या कुलपात जाणार नाही."

गेले दुपारी. शाळा सुटलेली होती, पंखा बंद होता. बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मशीन चालवायला एक मूळ प्रोग्राम लागतो, तसा लिनक्स. लिहायला, तक्ते करायला वेगळा, त्याला लिब्रेऑफिस म्हणतात. हे विकत घ्यायचे नाहीत, आणि चोरून उतरवायचेही नाहीत, कारण उतरवून घ्यायची परवानगी बनवणाऱ्यांनीच दिलेली असते. पाहिजे त्या कामाला चालवा, आत कसं केलंय ते उघडून बघा, आपल्याला हवं तसं बदला, आणि बदललेलं असो का न बदललेलं, दुसऱ्याला द्या. अट बहुतेक इतकीच, की तुम्हाला मिळालं तसंच पुढच्यालाही मोकळं द्यायचं.

मी विचारलं, "मग बनवतं कोण? त्यांचं कसं भागतं?"

"काही ठिकाणी कंपन्या पगार देतात माणसांना. बरेचसे आपापलं काम सांभाळून करतात. जगभर."

"म्हणजे सावड."

बाई लातूरकडच्या, त्यांना लगेच कळलं. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. आमच्याकडं सावड असायची. आज माझ्या रानात तुमचे बैल आणि तुमची माणसं, परवा तुमच्या रानात माझी. मजुरी द्यायची नाही, आलेल्याचं काम करून फेडायचं. एका घराला जे झेपत नाही ते दहा घरं मिळून एका दिवसात उरकायचं. हे काहीसं तसंच. पण मी सावडीत राबलेली बाई आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. सावडीला येणारी घरं नेहमी तीच असायची. उरलेली घरं आपलं काम झालं की नेमकी आजारी पडायची. या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही तेच आहे असं पुढं दिसलं. वापरणारे उदंड, राबणारे मोजके, आणि ते मोजके दमलेले.

बाईंनी मला एका पेन ड्राईव्हवर लिनक्स घालून दिलं. माझं जुनं मशीन त्याच्यावर बरं चाललं. मदतीच्या जागाही दाखवल्या. प्रत्येक प्रोग्रामचं आपलं पुस्तक असतं इंटरनेटच्या जालावर, कुणीही वाचावं असं. आतल्या बटणांना मराठी पाट्यासुद्धा असतात, त्या कुणीतरी बसून एकेक शब्द भाषांतर केलेल्या असतात. काही शब्द असे अवघड की मी इंग्रजीच बरी म्हणून परत फिरले. आणि चर्चेच्या जागा असतात, तिथं प्रश्न टाकायचा आणि वाट बघायची.

तिथंच शोधता शोधता एक छोटा प्रोग्राम सापडला. माझ्याच त्या जुन्या फॉन्टमधलं लिखाण आताच्या सगळीकडं चालणाऱ्या युनिकोड मराठीत बदलून देणारा. कुणीतरी बनवून मोकळा सोडलेला. मी घाईघाईनं फाईल त्यात घातली. पडद्यावर मराठी आली. पण कशी? साधी अक्षरं बरोबर, जोडाक्षरं निम्मी गायब, वेलांट्या भलत्याच अक्षराला लागलेल्या. ज्या ओळीत नाव, त्याच ओळीत खड्डा. प्रोग्रामच्या वर बनवणाऱ्यानं लिहिलं होतं, की यातला चिन्हांवरून अक्षरं ओळखायचा तक्ता अर्धवट आहे, मला आता वेळ होत नाही, ज्याला गरज असेल त्यानं पुढं न्यावं.

त्या दोन ओळी वाचून मला त्या माणसाची कीव आली आणि स्वतःचीही. चर्चेत मराठीतच प्रश्न टाकला. माझी फाईल आहे, एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते आहेत तोवर वाचून दाखवायची आहे, कुणी पूर्ण करून देईल का? चार दिवस काही नाही. आठ दिवस काही नाही. मी रोज दुपारी भांडी झाली की उघडून बघायची. शेवटी कुणाचं तरी उत्तर आलं.

"आजी, तक्ता उघडाच आहे. तो फॉन्ट तुम्ही इतकी वर्षं वापरलाय, आमच्यात तो आठवणारं दुसरं कुणी नाही. तुम्हीच भरा. अडलं तर विचारा."

आजी म्हणायला मी वय कुठं सांगितलं होतं? बाईंना दाखवलं तर त्या हसून म्हणाल्या, "काकू, लिहिण्यातून कळतं ते."

खरं सांगू, मला रडू आलं. मी मदत मागायला गेले होते आणि हातात खुरपं देऊन परत पाठवलं होतं. दोन दिवस मशीनकडं फिरकले नाही. मग तात्यांकडं गेले. तात्या म्हणाले, "सूनबाई, पुस्तक कुठवर..." आणि मधेच थांबले. पुढं काय विचारायचं होतं ते त्यांना आठवेना. मीच म्हटलं, "आलंय, तात्या." घरी येऊन तक्ता उघडला.

तक्ता म्हणजे साधी फाईल. डावीकडं ते टोपीवालं चिन्ह, उजवीकडं खरं अक्षर. मला चिन्हं पाठ नव्हती, पण बोटांना पाठ होतं. डोळे मिटून 'क्ष' दाबायचं आठवायचं, बोट कुठं जातंय बघायचं, मग त्या जागेवर कुठलं चिन्ह बसलं असेल ते हुडकायचं. अडलं तर जुनी लग्नपत्रिका काढायची. गावातल्या चार घरांतून मी छापलेल्या पत्रिका मागून आणल्या, कारण त्यांच्या फाईली सीडीवर होत्या आणि छापलेलं कागदावर. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं. एका घरची म्हातारी म्हणाली, "आता कशाला पत्रिका? मोडतीयस का काय लगीन?" म्हटलं, "नाही हो, तुमच्या लेकाच्या लग्नातून आमचं शिवार काढायचंय." तिला काही कळलं नाही, पण पत्रिका दिली.

दोन महिने गेले. डोळे दुखायचे, मान धरायची, दुपारची वीज जायची. शाळेतल्या बाईंनी तक्ता प्रोग्रामात कसा घालायचा ते करून दिलं. आता फाईल घातली तर नावं सरळ यायला लागली. चुकार. घोडउडी. सुईणीचा तुकडा. ढोरपाणी. नवरीची पट्टी. मी एकटीच मोठ्यानं वाचत बसले होते. आनंद वगैरे म्हणाल तर इतकाच, की लांबून पाणी आणून हंडा एकदाचा खाली ठेवावा तसं झालं. तक्ता मी चर्चेत टाकून दिला. खाली दोघातिघांनी आभार लिहिले. एकानं लिहिलं, माझ्या वडिलांच्या कविता याच फॉन्टमध्ये होत्या, आज उघडल्या. ते वाचून मी मशीन बंद केलं आणि जरा पडले.

पण सगळं आलं नव्हतं. सीडी एका जागी खरवडली होती. तिथल्या सात ओळी प्रोग्रामनं नाही, कुणीच परत आणल्या नसत्या. मी त्या जागी सातबारा बघून गट नंबर लिहून नावाचा रकाना मोकळा सोडला आणि कागदावर छापून तात्यांकडं गेले.

"तात्या, पुस्तक आलं."

"आलं?" त्यांना उठवून बसवलं. मी कानाशी वाचायला सुरुवात केली. एका नावावर मान डोलायची, एकावर म्हणायचे, "बराबर." एका जागी म्हणाले, "हे कुणी सांगितलं? त्या गुराख्यानं आसंल. लबाड हुता. पण बराबर हाय." असं करत आम्ही तीन दुपारी घालवल्या. मग मोकळ्या सात ओळी काढल्या. कुठल्या बाजूला, कुणाच्या शेजारी, ते सांगितलं. तीन त्यांना आठवल्या. एक तर अशी पटकन सांगितली की मीच लिहायला मागं पडले. चार आठवेनात, त्या ओढ्याकडच्या रानांच्या.

"हितं बसून न्हाय यायचं ध्यानात," म्हणाले. "रानात न्हे मला."

त्यांच्या सुनेनं नको नको म्हटलं. तरी आम्ही टमटम सांगितली, गादी टाकली, आणि सकाळच्या उन्हात पाणंदीनं गेलो. ओढ्याकडचा तो सगळा पट्टा आता एकसारखा झालाय. मधले बांध नांगरून घेतलेत, ट्रॅक्टरला वळायला सोपं जावं म्हणून. दूरपर्यंत नुसतं सोयाबीन. तात्यांना खाली उतरवलं, दोन्हीकडून धरलं. त्यांनी हात कपाळावर धरून बराच वेळ बघितलं.

"हितं एक बांध हुता," म्हणाले. "कुठं हुता?"

टमटमवाला बाजूला उभा राहून फोन बघत होता. तात्यांनी काठीनं जमीन दोनतीनदा टोचली. "न्हाय गं. हे काय मला वळखू येईना." आणि जरा वेळानं, "चल, दम लागलाय."

परत येताना त्यांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं झोपले. तर हळूहळू नावं म्हणायला लागले, एकामागून एक, पाणंदीच्या सुरुवातीपासून, जशी रानं लागतात तशी. मी कागद काढून ओळीवर बोट ठेवत गेले. सगळी जुळत होती. एका जागी अडखळलं. फाईलीत ढोरपाणी होतं, तात्या म्हणाले, "ढोरवाट."

"तात्या, ढोरपाणी का ढोरवाट?"

"वाट."

"तुम्हीच पाणी सांगितलं होतं. पंधरा वर्षांमागं."

"मंग पाणीच आसंल." डोळे मिटलेलेच. "दोन्ही घाल."

ती फाईल मी आता लिब्रेऑफिसच्या तक्त्यात केलीय आणि मोकळ्या परवान्यानं जालावर ठेवलीय. कुणीही उतरवून घ्यावी, कुणीही भर घालावी. ठेवायच्या आधी तात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कुणीबी बदलील की मंग."

"बदलील. पण कुणी, कधी, काय बदललं ते तिथं दिसतं. जुनंही राहतं."

"आसं हाय व्हय? मंग आपल्या तलाठ्यापेक्षा बरं." हसता हसता त्यांना खोकला आला, सून पाणी घेऊन आली, आणि मला म्हणाली, "बास करा आता, काकी. दमलेत ते."

ढोरपाणीच्या पुढं मी ढोरवाटही लिहिलंय. ओढ्याकडच्या चार ओळी मोकळ्या आहेत. त्या रकान्यात मी आधी 'माहीत नाही' लिहिलं होतं, मग ते खोडलं. मला माहीत नाही इतकंच खरं आहे. कुणाला माहीत असेल तर लिहावं.